हात धुवायला सांगून हात झटकू नका

पोटाच्या डायलिसिसवर असलेला रुग्ण संसर्ग होऊन दवाखान्यात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हात नीट धुतले होते का?’ प्रश्न चुकीचा नाही. पण चौकशी बहुतेक वेळा तिथेच संपते. रुग्ण मान खाली घालतो, पिशवी बदलून देणारी बायको किंवा सून अपराध्यासारखी भिंतीला टेकून उभी राहते आणि दोष घराच्या नावावर जमा होतो. या संसर्गाची जी कारणं वैद्यकशास्त्राला आज नीट माहीत आहेत, त्यांतली बरीचशी रुग्णाच्या हातात नाहीत. ती नळाच्या पाण्यात आहेत, प्रशिक्षणात आहेत, प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात आहेत, ट्रान्सपोर्टच्या टेम्पोत आहेत. म्हणून ती सार्वजनिक जबाबदारी मानली पाहिजेत, एवढंच सांगण्यासाठी हे मुद्दे.

१. आधी हे डायलिसिस चालतं कसं ते पाहू. बेंबीच्या बाजूला पोटात एक मऊ सिलिकॉनची नळी कायमची बसवतात. तिच्यातून साधारण २ लिटर साखरयुक्त द्रावण आत सोडायचं आणि काही तास ठेवायचं. पोटाच्या आतलं पातळ आवरण, म्हणजे पेरिटोनियम, रक्तातली घाण आणि जादा पाणी त्या द्रावणात उतरवतं. मग जुनं पाणी बाहेर काढायचं, नवं आत सोडायचं. याला घरोघरी ‘पिशवी बदलणं’ म्हणतात. दिवसातून ३ किंवा ४ वेळा, रोज, सणावारीसुद्धा. ३ वेळा धरलं तरी वर्षातून १,०९५ वेळा पोटात जाणारा रस्ता उघडतो आणि बंद होतो. एवढ्या वेळांपैकी एकदा जरी नळीच्या टोकाला बोट लागलं, तरी कातडीवरचे जंतू आत जाऊ शकतात. पोट दुखतं, बाहेर येणारं पाणी गढूळ होतं. हा पेरिटोनायटिस. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पण काहींची नळी काढावी लागते, काहींचं आवरण कायमचं निकामी होतं आणि काही दगावतात.

२. ‘मग हवंच कशाला हे? सेंटरवर जाऊन मशीनवर करावं,’ असं सहज म्हटलं जातं. म्हणणाऱ्याचं घर बहुधा सेंटरपासून रिक्षाच्या अंतरावर असतं. रक्ताचं डायलिसिस आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास. त्यात जाणं-येणं वेगळं. भामरागडच्या किंवा धारणीच्या माणसाने ते कसं करायचं? २०२०च्या टाळेबंदीत सेंटरला पोहोचण्यासाठी पास आणि गाडी शोधत फिरलेल्या कुटुंबांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. शिवाय मशीनच्या डायलिसिसलाही संसर्ग चुकलेला नाही. मानेतल्या तात्पुरत्या नळीतून थेट रक्तात जंतू जातात, आणि हिपॅटायटिस ‘सी’चा धोका सेंटरवर घरापेक्षा जास्त असतो. तेव्हा संसर्गाचं भय दाखवून पोटाचं डायलिसिस नाकारणं हा गरिबाच्या घराबद्दलचा जुना संशय आहे, वैद्यकीय निर्णय नव्हे.

३. या उपचाराचा इतिहासच माझ्या बाजूने साक्ष देतो. १९७६मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा द्रावण काचेच्या बाटल्यांतून यायचं आणि रुग्णांना काही आठवड्यांच्या अंतराने संसर्ग व्हायचा. मग टोरांटोत ओरिओपुलोस यांनी प्लास्टिकच्या पिशव्या वापरायला घेतल्या. इटलीतल्या पेरूजात बुओनक्रिस्तियानी यांनी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची नळी आणली. जोडणी केल्यावर आधी पोटातलं पाणी बाहेर सोडायचं, म्हणजे जोडताना टोकाला काही लागलंच असेल तर ते वाहून जातं, आणि त्यानंतर नवं द्रावण आत घ्यायचं. आजची जुळी पिशवी याच कल्पनेतून आली. संसर्गाचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. दहा-बारा वर्षांत टेक्सास, टोरांटो आणि पेरूजाचे रुग्ण एकदम जास्त स्वच्छ झाले नव्हते; बदलली होती ती नळी. माणूस चुकणार हे गृहीत धरून ज्यांनी साधन बनवलं त्यांना यश आलं. आपली आरोग्यव्यवस्था मात्र अजून माणसाने चुकूच नये या अपेक्षेवर चालते.

४. आता पाणी. प्रत्येक वेळी पिशवी बदलण्याआधी साबणाने, वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे आणि स्वच्छ कोरड्या कापडाने पूर्ण पुसायचे. पुसणं धुण्याइतकंच महत्त्वाचं, कारण ओल्या हातावरून जंतू सहज उतरतात. हे तक्त्यावर लिहायला सोपं आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या लातुरात, किंवा आजही काही दिवसांआड नळ येणाऱ्या मराठवाड्यातल्या शहरांत ‘वाहतं पाणी’ म्हणजे काय? पिंपात साठवलेलं, तांब्याने ओतलेलं. साठवलेल्या पाण्यात स्यूडोमोनाससारखे जंतू सुखाने राहतात, आणि त्यांनी नळीत ठाण मांडलं की नळी काढण्याचीच वेळ येते. पिशवी कोमट करण्यासाठी ती गरम पाण्याच्या बादलीत बुडवणं याच कारणासाठी धोक्याचं. कोरडी ऊब द्यायची. खोलीचं दार लावायचं, पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि लख्ख उजेड हवा. भारनियमनाच्या रात्री हे सगळं कसं जमवायचं, ते तक्ता सांगत नाही.

मागणी छोटी आहे. ज्या घरी हे डायलिसिस सुरू होणार, त्या घराची यादी नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जावी. झाकणाची, खाली तोटी असलेली एक टाकी, हात धुण्याचं एक भांडं आणि अल्कोहोलयुक्त हॅण्डरब हे औषधाच्या यादीतच धरलं जावं. एका नळीच्या शस्त्रक्रियेपुढे हा खर्च कुणाच्या लक्षातही येणार नाही.

५. प्रशिक्षणाची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सगळ्यात मोठं भोक इथे आहे. नळी कशी जोडायची, मिनीकॅप, म्हणजे नळीच्या टोकावरची छोटी टोपी, एकदाच का वापरायची, पिशवी दाबून गळती कशी पाहायची, मुदत कुठे वाचायची, टोकाला चुकून हात लागला तर काय करायचं, हे सगळं शिकवायला काही दिवस आणि एक तयार परिचारिका लागते. मग रुग्णाकडून तिच्यासमोर पुन्हा पुन्हा करून घ्यायचं. आपल्याकडे अनेक ठिकाणी हे काम पिशव्या विकणाऱ्या कंपनीचा समन्वयक करतो. त्यांच्यातले कितीतरी जण मनापासून शिकवतात, घरी येतात, रात्री फोन उचलतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की रुग्णाच्या जिवाशी निगडित शिक्षण विक्रेत्याच्या मर्जीवर सोडणं सरकारला शोभत नाही. समन्वयकाची बदली झाली की तालुक्यातल्या सगळ्या रुग्णांचा गुरू गेला!

दुसरं, एकदा शिकवलं की झालं, हाही गैरसमज. सहा-आठ महिन्यांत हात सरावतो आणि सरावलेला हात पायऱ्या गाळू लागतो. मास्क गळ्याशी येतो, हात धुण्याचा वेळ अर्ध्यावर येतो. म्हणून संसर्ग झाल्यावर, रुग्णालयातला मुक्काम लांबल्यावर, किंवा घरात पिशवी बदलणारा माणूस बदलल्यावर पुन्हा शिकवावं, असं आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लेक सासरी गेली आणि पिशवी आता मुलगा बदलतो, एवढा बदलही त्यात येतो. हे शिक्षण मराठीत, आणि जिथे गरज आहे तिथे गोंडी, कोरकू, अहिराणीत, चित्रांसह व्हायला हवं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या एकाच कामासाठी नेमलेली किमान एक परिचारिका असावी. हे ओझंही आशाताईंवर टाकू नका. त्यांच्या अंगावर आधीच इतकी कामं आहेत की त्यांतल्या काहींचा मोबदला मागायलाही त्यांना मोर्चे काढावे लागतात.

६. संसर्गाचा एक रस्ता हाताशी संबंधितच नाही. तो आतड्यातून येतो. आतडं सुस्त पडलं, बद्धकोष्ठ झालं, की आतड्यातले जंतू आवरण ओलांडून पोटातल्या पाण्यात येऊ शकतात. रक्तातलं पोटॅशियम कमी असणं हेही यात धरतात, कारण त्याने आतड्याची हालचाल मंदावते. आता आपल्या घरांतली समजूत पाहा. किडनी म्हटलं की केळं बंद, शहाळं बंद, पालेभाजी दोनदा उकळून पाणी फेकून. मशीनच्या डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला हे पथ्य बऱ्याचदा लागू असतं. पोटाच्या डायलिसिसमध्ये मात्र पोटॅशियम रोज पाण्यावाटे निघून जातं आणि अनेकांच्या रक्तात ते कमी पडतं. म्हणजे शेजारच्या काकांचं पथ्य ऐकून केळं सोडलेला माणूस नकळत संसर्गाच्या जवळ सरकतो. अर्थात उद्यापासून शहाळी प्या, असं यातून कुणी समजू नये. रक्त तपासून, डॉक्टरांना विचारूनच. पण ती तपासणी नियमित आणि फुकट व्हावी, ही मागणी त्यातूनच निघते. अॅसिडिटीसाठी सरसकट दिल्या जाणाऱ्या रॅनिटिडीनसारख्या गोळ्यांचाही आतड्यातून येणाऱ्या संसर्गाशी संबंध दिसलेला आहे. दुकानात मागितली की मिळते अशी ही गोळी!

त्यातच प्रथिनं. गढूळ नसलेल्या, स्वच्छ पाण्यावाटेही रोज काही ग्रॅम प्रथिनं वाहून जातात आणि संसर्ग झाला की आणखी जातात. शरीर खंगलं की पुढचा संसर्ग सोपा होतो. अंडी, मासे, दूध, डाळी, पनीर यांची सोय ज्या घरात नाही, तिथे ‘प्रथिनं वाढवा’ ही चिठ्ठी कोरडा उपदेश ठरते. क्षयरुग्णांना पोषणासाठी सरकार पैसे देतं. डायलिसिसच्या रुग्णाला का नाही? श्रावणातले एकवेळचे उपास आणि साबुदाण्यावर काढलेली एकादशी या रुग्णांना परवडणारी नाही, हे कीर्तनकारांनीही एकदा सांगितलं तर लोक डॉक्टरांपेक्षा लवकर ऐकतील.

७. नळी जिथून बाहेर येते ते तोंड. तिथे लाली, पू, दुखणं दिसलं की संसर्ग नळीच्या वाटेने आत जाऊ शकतो. रोज स्वच्छ करून तिथे म्युपिरोसिनसारखं प्रतिजैविक मलम लावल्याने धोका कमी होतो, कारण नाकात वस्तीला असणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू तिथे आधी पोहोचतो. हळद, राख, खोबरेल यांतलं काही नको. नदीत, तळ्यात, विहिरीत बुडी मारणंही नको. २०२७मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. आषाढीला चंद्रभागा दर वर्षीच आहे. या रुग्णांनी डोक्यावर पाणी शिंपडून समाधान मानावं. घरात मांजर असेल तर पिशवी बदलताना ती खोलीबाहेर हवी. नळीशी खेळणाऱ्या मांजराच्या दातांतून पाश्चुरेलाचा संसर्ग झाल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

८. गढूळ पाण्याचा मुद्दा तासांचा आहे. पिशवीखाली वर्तमानपत्र धरलं आणि अक्षरं वाचता आली नाहीत, तर त्याच दिवशी, ती पिशवी सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. उद्यावर ढकलायचं नाही. पण गाठायचा कोणता? ग्रामीण रुग्णालयात गेलेल्या रुग्णाला अनेकदा ‘हे आमच्याकडे होत नाही, जिल्ह्याला जा’ असं ऐकावं लागतं, आणि जिल्ह्याला रविवारी प्रयोगशाळा बंद. निदानाला तसं फारसं लागत नाही. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये १००पेक्षा जास्त, त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल. सोबत पोटदुखी किंवा गढूळपणा. साधा सूक्ष्मदर्शक आणि शिकलेला तंत्रज्ञ यांवर हे भागतं. अँटिबायोटिक पोटातल्या द्रावणातूनच देतात, आणि पहिला डोस जितका लवकर, तितकी नळी वाचण्याची शक्यता जास्त. तो पहिला डोस तालुक्याच्या ठिकाणी देता येईल एवढी तयारी करणं अशक्य नाही. पान-दोन पानांची लेखी कार्यपद्धती, दोन औषधं आणि जिल्ह्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञाचा फोन पुरतो.

जंतू ओळखण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, इथे तर उघड हेळसांड आहे. रुग्णाने आणलेलं पाणी ५ ते १० मिलिलिटर एवढं लगेच ब्लड कल्चरच्या बाटलीत घातलं तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. साध्या बाटलीत भरून टेबलावर दुपारभर ठेवलं तर जंतू हाती लागत नाही, आणि अहवालावर ‘वाढ नाही’ असं येतं. मग डॉक्टर अंदाजाने औषध चालवतात. ज्यांत जंतू सापडलाच नाही अशी प्रकरणं १५ टक्क्यांच्या आत असावीत, असं वर उल्लेखलेली सोसायटी म्हणते. भारतातल्या बऱ्याच केंद्रांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ वर असतं. आपल्याकडे पोटाच्या क्षयाचीही शक्यता डोक्यात ठेवावी लागते, त्यामुळे अंदाजावर चालवण्याची किंमत आणखी चढते. योग्य औषध देऊन ५ दिवसांत पाणी स्वच्छ झालं नाही तर नळी काढावी, असा संकेत आहे. बुरशीचा संसर्ग असेल तर तेवढीही वाट पाहायची नाही. आणि बुरशी बहुधा अँटिबायोटिकच्या मागोमाग येते. म्हणून सर्दी-खोकल्याला किंवा दातदुखीला गावच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर त्यासोबत बुरशीरोधक औषध द्यावं लागतं, हे त्या डॉक्टरांना कळणार कसं? रुग्णाच्या खिशात ठळक अक्षरांतलं एक कार्ड असावं. कोलोनोस्कोपीआधी किंवा गर्भाशयाच्या तपासणीआधी प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यावं आणि पोटातलं पाणी काढून टाकावं, हेही त्याच कार्डावर.

९. मधुमेहाने ज्यांची मूत्रपिंडं गेली त्यांच्यात अनेकांची नजरही अधू झालेली असते, बोटांची संवेदना गेलेली असते. त्यांना नळीचं टोक दिसत नाही. त्यांच्यासाठी दुसरं कुणीतरी पिशवी बदलतं. बहुतेक घरांत ती बाईच असते, दिवसातून तीनदा, बिनपगारी. तिला बाहेरगावी जायचं असेल, ती आजारी पडली, तर बदली कोण? फ्रान्समध्ये परिचारिका घरी येऊन हे काम करते आणि तिचे पैसे सार्वजनिक विमा देतो. इथे निदान दृष्टिहीन आणि एकट्या रुग्णांपुरतं तरी ते सुरू व्हावं.

१०. पुरवठा. रोज ३ पिशव्या म्हणजे महिन्याला १८० लिटर, वजनाने १८० किलोच्या वर. हे ओझं खोक्यांतून येतं आणि दहा बाय दहाच्या खोलीत, कोरड्या जागी, जमिनीपासून वर, उंदरांपासून वाचवून ठेवावं लागतं. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडचे रस्ते दिवसच्या दिवस बंद होते, पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा. अशा वेळी रुग्ण काय करतो? दिवसाला एक पिशवी कमी करतो, मिनीकॅप पुन्हा वापरतो, मुदत संपलेला माल काढतो. थायलंडने २००८मध्ये सार्वजनिक योजनेत पोटाच्या डायलिसिसला प्राधान्य दिलं, तेव्हा द्रावण टपाल खात्यामार्फत थेट घरी पोहोचवण्याची व्यवस्था केली. आपलं टपाल खातं खेड्यापाड्यांत पोहोचलेलं आहे. प्रत्येक पूरप्रवण तालुक्यात पावसाळ्याआधी जादा साठा ठेवला जावा. पोटातली नळी आणि पिशवी यांना जोडणाऱ्या, सहा महिन्यांनी बदलायच्या जोडनळीचीही तारीख कुणीतरी पाहिली पाहिजे.

११. आणि हिशेब. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६मध्ये सुरू झाला, तो मशीनच्या डायलिसिससाठी. पोटाच्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना २०१९मध्ये आल्या. किती रुग्णांना पिशव्या दिल्या हे मोजलं जाईल, कारण त्याचं बिल असतं. संसर्ग किती झाले याचं बिल नसतं. आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे, दर रुग्णामागे वर्षाला ०.४ संसर्गांपेक्षा जास्त नकोत. म्हणजे सरासरीने एका रुग्णाला ३० महिन्यांत एकाहून अधिक नको. प्रत्येक केंद्राने हा आकडा दर वर्षी जाहीर करावा. एखाद्या केंद्राचा आकडा वर गेला तर त्याचा अर्थ तिथले सगळे रुग्ण अचानक गबाळे झाले असा होत नाही. शिकवणं, साहित्य किंवा शस्त्रक्रिया यांत कुठेतरी बिघाड आहे. तो आकडा न मोजणारं केंद्र रुग्णाला दोष देऊन सुटतं. योजनांच्या पॅकेजमध्ये नळी बसवणं आणि पिशव्या यांच्याइतकाच पेरिटोनायटिसचा उपचार, कल्चर आणि पुन्हा शिकवण्याचा खर्चही धरला पाहिजे. नाहीतर सरकारने फुकट दिलेल्या उपचारातला संसर्ग रुग्ण कर्ज काढून बरा करणार.

तुमच्या घरात, गल्लीत, गावात कुणी पोटाच्या डायलिसिसवर असेल, तर जिल्हा रुग्णालयाला माहितीच्या अधिकाराखाली तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी या रुग्णांत पेरिटोनायटिस किती वेळा झाला, त्यांतल्या किती वेळा जंतू सापडला, आणि पुनर्प्रशिक्षण किती जणांना दिलं. उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं, तर तो कागद घेऊन रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीला जा आणि ती माहिती पुढच्या महिन्यापासून ठेवायला लावा.